हळद, सुजलेले सांधे आणि चमच्याचा हिशोब



“सर, आजीची बोटे सकाळी तासभर वळत नाहीत. शेजारच्या काकू म्हणतात, गोळ्या बंद करा आणि हळदीचे दूध द्या. द्यावे का?” एका विद्यार्थिनीने मला विचारले. मी पडलो पदार्थविज्ञानाचा शिक्षक. औषध सांगणे माझे काम नव्हे. पण या प्रश्नाचा काही भाग तराजूत आणि परीक्षानळीत तपासता येतो. तेवढा आपण तपासू या.

आजींना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून सांध्याच्या आतील अस्तरावरच हल्ला चढवते. अस्तर सुजते, जाड होते आणि पुढे कूर्चा व हाड पोखरू लागते. सूज ओसरू शकते. पोखरलेला सांधा मात्र पूर्ववत होत नाही. म्हणूनच वेळेवर उपचार महत्त्वाचे.

हळदीचा पिवळेपणा मुख्यतः कर्क्युमिन या द्रव्यामुळे येतो. ते १८१५ साली व्होगेल आणि पेल्तिए यांनी हळदीतून वेगळे केले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये ते सूज वाढवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती कमी करते, असे आढळले आहे. म्हणजे काकूंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मग अडते कोठे?

करून पाहा. दोन परीक्षानळ्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत गोडेतेल घाला. दोन्हींत चिमूटभर हळद टाकून हलवा व तासभर स्थिर ठेवा. पाण्यातील हळद बहुतांशी तळाशी बसते. तेल मात्र चांगले पिवळे होते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते. जे शोषले जाते, त्याचेही आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात लगेच रूपांतर होऊन ते बाहेर टाकले जाते. सांध्यापर्यंत पोहोचणार किती?

आता हिशोब करू. हळदीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के असते. एका चमच्यात ३ ग्रॅम हळद मावते असे धरले, तर कर्क्युमिन झाले ९० मिलिग्रॅम. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत आमवाताच्या १८ रुग्णांना रोज १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले होते. तेवढ्यासाठी ४० ग्रॅम, म्हणजे तेरा चमचे हळद रोज खावी लागेल! त्या रुग्णांना काही आराम पडला. पण चाचणी होती दोनच आठवड्यांची. २०१२ च्या दुसऱ्या चाचणीतही सुधारणा दिसली. तिच्यात रुग्ण होते ४५, आणि नुसती नकली गोळी घेणारा तुलनेचा गट नव्हता. एवढ्या पुराव्यावरून सांधा पोखरणे थांबते, असे म्हणता येत नाही.

यावर मिऱ्यांचा उपाय सुचवला जातो. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले, की मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यास रक्तातील कर्क्युमिन वीसपट वाढते. पण पायपरीन हे करते कसे? द्रव्यांची विल्हेवाट लावणारी शरीराची यंत्रणा मंदावून! मग आजींच्या इतर गोळ्यांचे प्रमाणही रक्तात वाढू शकते. शिवाय हळदीच्या तीव्र गोळ्या घेतलेल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आमवातावर सर्रास दिले जाणारे मेथोट्रेक्सेटही यकृतावर ताण आणू शकते. म्हणून त्यासोबत ठरावीक काळाने रक्त तपासतात.

तेव्हा मी त्या मुलीला सांगितले, “आजींना आमटीतली हळद खुशाल खाऊ दे. दूध आवडत असेल तर तेही दे. हळदीच्या गोळ्या घ्यायच्या असल्या, तर आधी डॉक्टरांना विचारा. पण चालू औषध काकूंच्या सांगण्यावरून बंद करू नका.”

विचार करा:
१. हळद पाण्याऐवजी फोडणीत टाकण्याने काय फरक पडत असेल?
२. नकली गोळी घेणारा गट नसेल, तर आराम औषधानेच पडला हे का सांगता येत नाही?