पँट आधी उलटी कर

पोरा, पुण्यात जुन्या कपड्यांचा धंदा मांडलायस, तर ही सवय पहिल्या दिवसापासून लाव. जुनी डेनिमची पँट हातात आली की लेबल वाचू नकोस, आधी ती उलटी कर. लेबल कुणीही शिवून लावील, पण कापडाची वीण मागाहून कुणाला बदलता येत नाही. आपल्या खंडाळा तालुक्यातले कितीतरी गडी मुंबईच्या गिरणगावात साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले, त्यातलाच मी एक. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी आलो, पण कापड बोटांनी वाचायचं काही सुटलं नाही.

कमरेपासून खाली जाणारा बाहेरचा उभा जोड बघ. दोन्ही कडांना कापडाचा स्वतःचा विणीव काठ दिसला, तर ते धोट्याच्या साच्यावरचं कापड. धोटा आडवा धागा घेऊन जातो आणि तोच धागा घेऊन परततो, म्हणून काठ आपोआप बंद होतो. पुढं बिनधोट्याचे रुंद साचे आले. त्यांत आडवा धागा दर फेरीला तुटतो, काठाला झालर राहते, आणि शिलाईत ती कड ओव्हरलॉक करावी लागते. धोट्याच्या डेनिमचा पन्हा २८-३० इंचांच्या आसपास, तेव्हा कापड वाया जाऊ नये म्हणून जोड थेट काठावरच घेत. अमेरिकेत ग्रीन्सबरोची कोन मिल लिव्हाइज कंपनीसाठी विणायची, तिच्या काठात लाल धागा असे. लिव्हाइजनं १९८० च्या दशकात नेहमीच्या पँटींना हे कापड वापरणं सोडलं. पण लाल रेघ दिसली की भुलू नकोस. तसं कापड आजही जपानात विणतात, आपल्या देशातही विणतात. काठ नसला तर फार जुनी म्हणून दाम मोजू नकोस. असला, तर पुढच्या खुणा शोध.

रिबिटांकडं बघ. जेकब डेव्हिस आणि लिव्हाय स्ट्रॉस यांनी खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याची रिबिटं मारण्याचं पेटंट २० मे १८७३ रोजी घेतलं. मागं एकच खिसा असेल तर लिव्हाइजची ती पँट १९०१ च्या आधीची. दुसरा खिसा त्या साली आला. बेल्टच्या लुप्प्या १९२२ ला आल्या. मागच्या खिशावरची तांबडी चिंधी १९३६ ची, आणि १९३७ पासून मागची रिबिटं कापडाखाली झाकली, कारण ती घोड्याच्या खोगिराला न् घरातल्या खुर्च्यांना ओरखडे पाडत. १९६६ च्या सुमारास ती जाऊन त्या जागी दाट टाके, म्हणजे बारटॅक आले. चिंधीवरच्या नावातलं मोठं इंग्रजी ‘ई’ अक्षर १९७१ ला लहान झालं. धुण्याच्या सूचनांची पट्टी अमेरिकेत १९७२ पासून सक्तीची.

मला सगळ्यांत प्रिय आहेत त्या दुसऱ्या महायुद्धातल्या पँटी. अमेरिकेच्या सरकारनं धातू-धागा वाचवायला सांगितलं, म्हणून मागची आवळायची बकल गेली, मधल्या जोडावरचं रिबिट गेलं, आणि मागच्या खिशावरची कमानीसारखी नक्षी दोऱ्यानं शिवण्याऐवजी रंगानं छापली. तो रंग धुण्यात निघून जाई. खिसा कोरा दिसला म्हणून अशी पँट कितीजण टाकून देतात! तू उन्हात तिरकी धरून बघ, कधीकधी रंगाचा पुसट डाग सापडतो. शिवलेली नक्षी उसवली असेल, तर मात्र सुईची भोकं दिसतील. भोकं नाहीत न् कमरेला बकलही नाही, तर ती राखून ठेव.

आता मुख्य कानमंत्र. एका पँटीत चार काळांच्या खुणा सापडतील, त्यातली सर्वांत उशिराची खूण धर. त्या खुणेच्या आधी ती पँट शिवलेली असूच शकत नाही. पण ती खूण मूळची आहे का, हे आधी ठरव. कामगाराची पँट म्हणजे गावोगावी दुरुस्त होत गेलेली चीज. बटण नवं, चेन बदललेली, गुडघ्याला ठिगळ. ठिगळ उचलून बघ; आतलं कापड गडद निळं असेल, तर ते फार लवकर लागलं. दोऱ्याचा सुटा तुकडा मिळाला, तर ज्योतीला लाव. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टरच्या दोऱ्याची वितळून गोळी होते. गोळी झाली, तर ती शिलाई पन्नास सालच्या आधीची नाही.

घासून जुनी केलेली पँटही ओळखता यायला पाहिजे. नीळ फक्त उभ्या धाग्याच्या वरच्या थरावर बसते, गाभा पांढराच. खरं झिजणं माणसाच्या अंगावरून जातं: गुडघ्यामागं मधमाशीच्या पोळ्यासारख्या घड्या, पाकिटाचा चौकोन, तळाला जमिनीला घासलेली कड. सॅंडपेपरनं घासलेली झीज सगळीकडं सारखी येते, जोडाच्या उंचवट्यावर आणि खाचेतही. शंका आली, तर खिशाच्या आतलं अस्तर बघ. वर्षानुवर्षांचा मळ तिथं साठतो, आणि नकली करणारे तिथवर जात नाहीत.

भाव सांगताना साल सांगू नकोस, दोन खुणांमधला काळ सांग. ‘१९३७ ते १९४२’ असं म्हणालास की गिऱ्हाईक कुठल्या खुणेवरून ते विचारेल, तेव्हा पँट उलटी करून त्याच्या बोटानं दाखव. विकेपर्यंत धुऊ नकोस. आणि डांबरगोळ्या घालू नकोस, वास जात नाही. कडुलिंबाचा सुका पाला सुती कापडात गुंडाळून ठेव.