तिच्यावर की त्याच्यावर?

मूल

चि. सौ. बेबीस,


फोनवर तू एकच विचारत राहिलीस, "मावशी, मला नवऱ्याच्या त्या बाईवर केस करता येते का?" आणि उत्तर एका ओळीत मागितलंस. एका ओळीत सांगायचं तर फौजदारी तक्रार करता येत नाही, दिवाणी दावा दाखल करता येईल असं आज म्हणता येतं. पण एवढ्यावर विसंबून तू उद्याच सिंदेवाहीत कुणाच्या तरी वकीलपत्रावर सही करशील, याची मला भीती आहे. म्हणून सविस्तर लिहिते. मध्येच रडू आलं तर थांब, पण पूर्ण वाच.

तुझ्या भासऱ्यांनी सांगितलेलं व्यभिचाराचं कलम आधी डोक्यातून काढ. ते ४९७ कलम १८६० च्या भारतीय दंड संहितेत होतं. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते घटनाबाह्य ठरवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते परत आलेलं नाही. कलम होतं तेव्हाही ते तुझ्या कामाचं नव्हतं. तक्रारीचा हक्क नवऱ्याला, आणि तोही बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाविरुद्ध. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. नवऱ्याची संमती असली की गुन्हाच नाही. नवरा बाहेर गेला तर बायकोला ना त्याच्यावर तक्रार करता येई, ना त्या दुसरीवर. बायको नवऱ्याच्या मालकीची, दुसऱ्याने हात लावला तर मालकाचं नुकसान, असा तो सगळा हिशेब होता. १९५४ मध्ये मुंबईहून गेलेल्या एका प्रकरणात आणि १९८५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयाने तो टिकवला. १९८५ चा निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी लिहिला होता; २०१८ मध्ये त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी त्याच्या विरुद्ध मत दिलं. तो निकाल वाचून मला फार बरं वाटलं होतं, आणि आजही वाटतं. तुझ्या या दिवसांत हे कठोर लागेल, पण ज्या कायद्याने आपल्याला वस्तू मानलं, तो आज हाताशी असायला हवा होता असं मनातही आणू नकोस.

भरपाईची गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्या जंगलपट्टीला ती नवी नाही. इकडच्या गोंड-माडिया समाजात बाई नवऱ्याला सोडून दुसऱ्याच्या घरी गेली, तर त्या दुसऱ्याने पहिल्या नवऱ्याला लग्नाचा खर्च भरून द्यायचा, पंचांनी ते ठरवायचं आणि भांडण तिथे मिटवायचं, असा रिवाज. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही अशा भरपाईच्या नोंदी आहेत. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. पण अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, म्हणून त्यांच्याकडे रिवाजाला आजही वजन आहे. मी या रिवाजाचा पुष्कळ विचार केला आहे. त्यात भरपाई ठरायची ती झालेल्या खर्चाची, दुःखाची किंमत कुणी लावत नसे. पैसे चुकते झाले की बाई मोकळी आणि दोन्ही घरं मोकळी. यात मोठं शहाणपण आहे. पण हाही व्यवहार पुरुषापुरुषांतला. नवऱ्याने दुसरी आणली तर त्या दुसरीने पहिलीला काही भरून दिलं, असं मी कधी ऐकलेलं नाही.

भरपाईचा विचार इंग्रजांनीही केला होता. मेकॉलेने १८३७ मध्ये दंड संहितेचा पहिला मसुदा केला, त्यात व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की ज्यांना ही जखम खरोखर लागते त्यांचं समाधान कुठल्याच शिक्षेने व्हायचं नाही, आणि बाकीच्यांना पैशाची भरपाई पुरते. कलम नंतरच्या लोकांनी घातलं. इंग्लंडात मात्र नवरा बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागू शकत असे. तो मार्ग तिथे १९७० च्या कायद्याने बंद झाला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनासारख्या मोजक्या राज्यांत असे दावे अजून चालतात, आणि तिथे नवरा-बायको दोघांनाही तो हक्क आहे.

आता आपल्याकडचं. असा दावा करता येईल असं सांगणारा कायदा संसदेने केलेला नाही. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत म्हटलं, की तिसऱ्या माणसाने जाणूनबुजून पती-पत्नीतलं प्रेम तोडलं तर ती दिवाणी स्वरूपाची आगळीक ठरू शकते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका पत्नीचा नवऱ्याच्या मैत्रिणीविरुद्धचा असा दावा ऐकायला घेतला, समन्स काढलं. तुझ्या मोबाइलवर फिरणारी बातमी हीच. मुद्दाम सांगते, दावा दाखल झाला म्हणजे जिंकला नाही. त्याच आदेशात काय काय सिद्ध करावं लागेल तेही सांगितलं आहे: त्या बाईचं वागणं हेतुपुरस्सर आणि गैर होतं, त्या वागण्यामुळेच तुझा संसार तुटला, आणि नुकसान पैशात मोजता येतं. नवरा कुणी भरीस न घालता आपल्या मर्जीने गेला असेल, तर तो त्या बाईचा पूर्ण बचाव ठरतो. शिवाय दिल्लीचा आदेश आपल्या नागपूर खंडपीठाला विचारात घेता येतो, पण बांधून ठेवत नाही.

बेबी, या एका वाक्यापाशी थांब: "आपल्या मर्जीने गेला." तूच मला सांगितलंस, की पहिला मेसेज त्याचा होता. त्या बाईला त्याने आपलं लग्न झालेलं कित्येक महिने सांगितलंच नव्हतं. हे कोर्टात आलं की तुझा दावा तिथेच खाली बसतो. आणि त्याच्या आधी तिचा वकील तुला उभं करून विचारेल, संसार आधीपासूनच बिघडलेला होता ना? कोणत्या साली वेगळ्या खोलीत झोपू लागलात? सासूशी पटत नव्हतं ना? प्रेम तिनेच तोडलं हे दाखवायचं, तर आधी ते शाबूत होतं हे तुला सिद्ध करावं लागतं. मंडईच्या जत्रेतल्या नाटकात दुसरी बाई शेवटच्या अंकात हरते आणि लोक टाळ्या वाजवतात. कोर्टात तो अंक यायला वर्षं लागतात, आणि तोवर तपासली जातेस तू. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी बसण्याची शक्यता आहे ती निराळीच. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्ता या प्रकरणांत महाराष्ट्रात बायकांना १ ऑक्टोबर १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. हा दावा त्यात बसेल अशी खात्री मी तुला देणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. लग्नात वचन त्या बाईने तुला दिलं नव्हतं. दिलं होतं तुझ्या नवऱ्याने, आणि ते पाळलं नाही त्यानेच. तुला ती दिसते, कारण तिच्यावर राग धरणं सोपं आहे. त्याच्यावर राग धरला तर मग त्याचं काय करायचं हे ठरवावं लागतं. ते ठरवायला वेळ घे. मी घाई करणार नाही. पण मागायचं ते त्याच्याकडे माग, आणि त्यासाठी कायदा तुझ्या हातात भरपूर आहे.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त मारहाणीपुरता आहे असं लोकांना वाटतं. अपमान, मानसिक छळ, घरखर्च बंद करणं हेही त्यात येतं. त्याच कायद्यात तुला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर त्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी. मासिक खर्च मागता येतो. आणि कलम २२ खाली मानसिक यातनेबद्दल भरपाई मागता येते, नवऱ्याकडून. तू तिच्याकडून मागत होतीस ती हीच गोष्ट, आणि इथे ती कायद्यात लिहिलेली आहे. तू तात्पुरती जिथे राहतेस तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो, म्हणजे माझ्याकडे राहिलीस तर इथल्या मूलच्या न्यायालयात. पोटगीचं निराळं कलम आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० ला सांगितलं, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही आपल्या मिळकतीचं शपथपत्र द्यायचं. म्हणून अर्ज जितका लवकर तितकं बरं. घटस्फोट हवा असेल तर व्यभिचार आजही त्याचं कारण आहे; गुन्हा गेला, कारण गेलं नाही. चोरून केलेलं फोनचं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. तुझ्याकडे आहे ते पुसू नकोस, पण नवं जमवायला त्याच्या मागे मागे फिरू नकोस.

त्याने आणि त्या बाईने मार्कंड्याच्या देवळात जाऊन माळा घातल्या, असं कुणी तरी तुला सांगितलं. दुसरं लग्न हा आजही गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण लग्नाचे विधी खरोखर झाले हे सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १९६५ मध्ये गांधर्व पद्धतीचं लग्न न्यायालयाने मानलं नाही आणि शिक्षा रद्द झाली. फोटोत नुसत्या माळा असतील तर तेवढ्यावर उडी घेऊ नकोस.

भासरे समाजाची बैठक बसवून त्या बाईकडून दंड घ्यायचं म्हणतात. तू नाही म्हण, आणि चार माणसांदेखत म्हण. दंड नाही दिला की वाळीत टाकणार, हे ठरलेलंच. जुलै २०१७ पासून महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात तुझं नाव यायला नको. स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून मागतील, त्यावर सही करू नकोस. समाजात तसा जुना रिवाज सिद्ध झाला नाही तर त्या कागदाने लग्न मोडत नाही, तुझी पोटगी मात्र अडचणीत येते. तुझ्या भावाला सांग, त्या बाईचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. आज तू फसवली गेलेली आहेस. उद्या बदनामीची आरोपी होशील. आणि नवऱ्याच्या खात्याकडे तक्रार करून नोकरी घालवायचा विचार सोड. पगार बंद झाला तर मुलांची फी कोण भरणार?

तिला फोन करू नकोस. मला माहीत आहे, तुला तिच्या तोंडून "चुकलं" ऐकायचं आहे. ते तुला न्यायालयही मिळवून देऊ शकणार नाही.

मी वकील असले तरी तुझी बाजू मी स्वतः चालवणार नाही, नात्यातल्या माणसाने ते करू नये. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मूलची तालुका समिती न्यायालयातच आहे, मी सोबत येईन. येताना लग्नपत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, त्याची पगाराची पावती मिळाली तर ती, बँकेचं पासबुक आणि घराची कर पावती घेऊन ये. आईच्या घरून आणलेल्या दागिन्यांची यादी आठवेल तशी कागदावर लिही, कधी आणि कुणी दिलं त्यासह. रविवारी मी घरीच आहे. मुलांनाही आण, त्यांच्या दोन दिवसांच्या शाळेचं पुढे बघू.

तुझी
मावशी