पोरी, आधी उताराचं बघ

चढाची काळजी सगळेच करतात, पोरी. तू उताराची कर. रियुनियन बेटावरची तुझी शर्यत सां-पिएरच्या समुद्रकाठावरून रात्री सुटते, अख्खं बेट दक्षिणेकडून उत्तरेला तिरपं कापते आणि सां-दनीच्या मैदानात संपते. अंतर सुमारे १७० किलोमीटर, चढ जवळपास १०,००० मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटरची. ती समुद्रातूनच वर आली असती तरी सहा वेळा चढावी लागली असती. एवढं सगळे सांगतात. पण सुरुवातही समुद्राला आणि शेवटही समुद्राजवळच, म्हणजे जेवढं चढलीस तेवढं उतरणंही आलंच. चढाला दम जातो, तो पाच मिनिटं बसलं की परत येतो. उताराला मांड्या जातात, त्या चार-पाच दिवस परत येत नाहीत.

पुण्याची माणसं सिंहगड चढतात आणि जीपनं खाली येतात. तू उलटं कर, जीपनं जा आणि पायी उतर, तेही पाठीवर पिशवी घेऊन, संध्याकाळी थकल्यावर. मांड्यांना उताराची सवय एकदा लागली की ती काही आठवडे टिकते, म्हणून शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी आटप. दसऱ्याला गावाकडं आलीस तर घाटनांदूरहून परळीच्या अंगाला उतरायचं. आपण बालाघाटाच्या माथ्यावर, परळी पायथ्याला; याहून चांगली तालीम कुठं मिळणार? फक्त रस्त्यानं जा. रुळावर ड्यूटी नसलेलं माणूस दिसलं की मी आयुष्यभर ओरडत आलोय, पुतणीला सवलत नाही.

हे तुला पळणाऱ्यानं नाही, चालणाऱ्यानं सांगितलेलं आहे. मी रेल्वेत चावीवाला होतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात झेंड्या, आणि आमच्या ग्यांगच्या हद्दीत रोज रुळाकडेनं जाणं-येणं. सुटलेली चावी ठोकायची, सैल बोल्ट आवळायचा. पायाखाली सदा काळी खडी. खडीवर लांब टांग टाकणारा माणूस आठवड्यात घोटा मुरगळून घरी बसतो. टांग आखूड ठेव, पूर्ण तळवा टेकव, गुडघा ताठ करू नकोस. नजर पायाशी नको, तीन-चार स्लीपर पुढं हवी; पाय टाकायची जागा आधीच बघून ठेवायची आणि मग तिकडं बघायचंही नाही. स्लीपरचं अंतर माणसाच्या टांगेला कधीच बरोबर बसत नाही, म्हणून नवा पोरगा आपली चाल रुळावर लादायला जातो आणि दमतो. तुझ्या त्या वाटेवर, ला पोझेसियोंच्या पुढं, इंग्रजांची वाट म्हणून एक जुना फरसबंदी रस्ता आहे, काळ्या दगडांचा, वेडावाकडा. तो येतो अगदी शेवटी, पाय संपल्यावर. तिथं पळायचा हट्ट करणारे पडतात. दगड देईल ती टांग घे.

दगड मात्र ओळखीचाच आहे, हे तुला कोणी सांगितलंय का? आपल्या दारातला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. भूशास्त्रवाले सांगतात, तो लाव्हा जमिनीखालच्या ज्या तापलेल्या जागेतून आला तीच आज रियुनियनच्या खाली आहे. जमीन उत्तरेला सरकत आली आणि मागं लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी खूण उरली. फरक वयाचा आहे. आपला दगड झिजून त्याची काळी रानं झाली. तिकडं पितों द ला फुर्नेझ अजून धगधगतो आणि ताजा दगड कातरी असतो. पडताना हात टेकवलास तर तळवा सोलून निघेल, म्हणून बोटं उघडी राहतील असे हातमोजे जवळ ठेव.

पावसाचं हसण्यावारी नेऊ नकोस. आपल्या जिल्ह्यात वर्षभरात कसाबसा सहा-सातशे मिलिमीटर पडतो. त्या बेटावर फॉक-फॉक नावाच्या जागी जानेवारी १९६६ मध्ये एका दिवसात १८२५ मिलिमीटर पडला, तो जगाचा विक्रम आहे. तुझी शर्यत ऑक्टोबरात, तेव्हा एवढा नसतो. पण दोन हजार मीटरवर भिजलीस आणि वारा सुटला तर थंडी हाडात शिरते. ते जाकीट, शिट्टी, चंदेरी पांघरूण, दोन बॅटऱ्या सक्तीच्या म्हणून घेऊ नकोस, लागणार म्हणून घे. पावसाळ्यात रात्रीच्या गस्तीला आम्ही बॅटरीचे जादा सेल कोरड्या पिशवीत ठेवायचो. एका बॅटरीवर भरवसा ठेवणारा माणूस अंधारात बसतो.

आता पायांचं. गजानन महाराजांची पालखी परळीहून अंबाजोगाईकडं येते तेव्हा आम्ही वारकऱ्यांचे पाय चोळायला जातो. शेगावहून चालत आलेले असतात ते. ज्यांच्या पायाला फोड नाही त्यांच्याकडं कसली जादू नसते; खडा टोचला की ते तिथंच थांबून पायताण झटकतात, एवढंच. तूही तेच कर, दोन मिनिटं गेली तर जाऊ देत. चामडी गरम लागायला लागली की फोड यायच्या आतच पट्टी लाव. बूट अर्धा नंबर मोठा घे, पाय सुजतात. नखं आठवडाभर आधी सरळ काप. फोडात सुई-दोरा ओवून ठेवायची आपल्याकडची रीत सोड, दोऱ्यावाटे घाण आत जाते.

तुझी आई गुळाची पोळी बांधून देणार म्हणते. पहिल्या रात्री खाशील, दुसऱ्या दिवशी गोडाचा वासही नको होईल. तिला म्हणावं, शेंगदाण्याची चटणी आणि मीठ लावलेले फुटाणे दे. तिकडं थांब्यावर भात मिळतो, सिलाओसला तर डाळही नामांकित. थांब्यावर तोंड वाकडं करायचं नाही. नुसतं पाणी ढोसू नकोस. घामातून मीठ जातं आणि वरून साधं पाणी भरलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. बोटातली अंगठी रुतायला लागते, डोकं भणभणतं, माणूस असंबद्ध बोलतो. लघवी काळपट चहासारखी झाली तर सरळ डॉक्टरांच्या तंबूत जा. आणि दुखणं मारायच्या गोळ्या अजिबात नकोत. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडावर बसतात.

सिलाओस हा खरा मुक्काम समज. तिथं तुझी आधी पाठवलेली पिशवी मिळेल, कोरडे मोजे मिळतील आणि परत जायला गाडीही मिळेल. शर्यत सोडणाऱ्यांना ते गाव फार सोयीचं आहे. तिथं निर्णय मनाला विचारून घेऊ नकोस, मन त्या वेळी गाडीकडंच बघतं. आधी खा, मोजे बदल, वीस मिनिटं डोळे मिट, मग गुडघा आणि पोट यांना विचार. पुढं ताइबी खिंड ओलांडलीस की माफात. त्या दरीत रस्ताच नाही. माणसं राहतात, दुकानं आहेत, सामान हेलिकॉप्टरनं उतरतं, टपालवालाही पायीच फिरायचा. म्हणजे एकदा आत गेलीस की बाहेरही चालतच यायचं. शंका असेल तर ती सिलाओसलाच काढ.

झोपेचं सांगतो. मुदत सुमारे ६६ तासांची असते. पहिले येणारे जेमतेम एका दिवसात पोचतात, त्यांचं सोड. तुला दुसरी रात्र लागणार, कदाचित तिसरीही. पहाटे तीनच्या सुमाराला झाडं माणसांसारखी दिसायला लागतील. घाबरू नकोस, पण तेव्हा कड्याकाठी चालूही नकोस. वाटेच्या आतल्या अंगाला बस, पांघरूण ओढ, गजर लाव आणि झोप. सोबत कोणी असेल तर बोलत राहा, भाषा कळो न कळो.

शेवटाकडं ग्रांद शालूप म्हणून समुद्रकाठची वस्ती लागेल. गुलामगिरी १८४८ मध्ये उठली आणि मग उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, बहुतेक तमिळ मुलखातले. जहाजातून उतरल्यावर त्यांना आधी तिथं अलग ठेवत. आपल्याकडं उचल घेऊन कोयता उचलणारी माणसं तू पाहिलीस, तुला वेगळं समजावायला नको. ऑक्टोबरात त्या बेटावरही ऊसतोड चालूच असते.

ग्रांद शालूपलाच जुनं स्टेशन आहे आणि वाफेचं इंजिनही. ती रेल्वे १८८२ ची, मनमाड-परभणीला पूर्वी होती तशी मीटरगेज. शर्यतीत तिथं थांबू नकोस, पुढं कोलोराडोचा चढ आणि मैदानापर्यंतचा अवघड उतार बाकी असतो. दुसऱ्या दिवशी पाय उचलत असतील तर बसनं जा आणि रुळाच्या बुडाशी वाकून फोटो काढ. स्लीपर लाकडी आहेत की लोखंडी, आणि चाव्या कोणत्या बाजूनं ठोकल्यात, तेवढं मला बघायचंय.