विजेच्या यंत्रानें लोखंड कापतांना

हल्लीं शेतकऱ्याच्या घरीं लोखंड कापण्याचें काम वरचेवर निघतें. द्राक्षाच्या मांडवाचे अँगल, गोठ्याचे पाइप, ट्रॉलीचा सडलेला पत्रा यांकरितां पूर्वीं हातकरवत घेऊन तासभर खपावें लागे. आतां विजेचें ग्राइंडर पुष्कळ वस्त्यांवर आलें असून तेंच काम मिनिटाचें झालें आहे. सोय मोठी खरी. परंतु तें वापरण्याची रीत यंत्राबरोबर घरीं येतेच असें नाहीं.

प्रथम वेग ध्यानांत घ्यावा. चार इंची ग्राइंडर मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेतें; म्हणजे चकतीची कड तासास २०० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असते. ही चकती पोलादी नव्हे. दगडाची कठीण भुकटी राळेंत बसवून, आंत जाळीचा आधार देऊन ती केलेली असते. तिनें किती फेरे सोसावे हें तिच्यावरच छापलेलें असतें, पण तें वाचतो कोण? मोठा पाइप आला कीं रक्षक काढून त्याच यंत्रावर सात इंची चकती चढविण्याची खोड पुष्कळांस आहे. तिचें भोंक मोठें, म्हणून वायसर घालून ती कशीबशी बसवितात. सात इंची चकती साधारणपणें ८,५०० फेऱ्यांसाठीं केलेली असते. ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून ११,००० फेऱ्यांवर तो दीडपटीहून अधिक होतो, आणि चकती फुटली तर तुकडे अडविणारें रक्षक तर आपणच काढून ठेविलेलें! लांकडाचें दांतेरी पातेंही या यंत्रावर चढवूं नये. दांता अडकला कीं यंत्र हातांतून उसळतें.

चकतीच्या मधल्या कड्यावर मुदतीची तारीख असते; ती टळलेली किंवा ओल लागलेली चकती टाकून द्यावी. नवी चकती बसविल्यावर बाजूस उभें राहून एक मिनिट रिकामी फिरवावी.

दुसरा धोका अडकण्याचा. पाइपाचीं दोन्हीं टोकें विटांवर ठेवून मधोमध कापूं लागलें कीं पाइप वांकतो, काप मिटतो आणि चकती त्यांत आवळली जाते. म्हणून कापाच्या जवळ पाइप शिकंज्यांत घट्ट धरावा व तुटणारें टोंक मोकळें पडूं द्यावें. पायानें दाबून धरणें तर अगदींच वर्ज्य. चकतीच्या रेषेंत स्वतः उभें राहूं नये. उपरणें, सैल बाही, पदर यांपैकीं कांहींही लोंबतें ठेवूं नये. कापण्याच्या पातळ चकतीच्या बगलेनें घांसूं नये.

डोळ्यांस बाजूंनीं झांकणारा चष्मा हवा; वाचण्याचा चष्मा पुरत नाहीं. एवढें करूनही कण गेलाच तर डोळा चोळूं नये, आणि काडीच्या टोंकानें कण काढून देणाऱ्या शेजाऱ्याच्या हातीं तर मुळींच देऊं नये. लोखंडाचा कण बुबुळावर राहिला तर गंजतो व त्याचें कडें तेथें उमटतें; त्याच दिवशीं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावें.

ठिणग्या कांहीं मीटर दूर उडतात. प्रस्तुत लेखकाच्या गोठ्यांत कापणें संपवून सर्वजण जेवावयास बसले, आणि अर्ध्या तासानें कडब्याच्या बुडाशीं धूर दिसला. बादलीभर पाण्यावर निभावलें. तेव्हांपासून आम्हीं कडब्याजवळ कापीत नाहीं, आणि काम संपल्यावर अर्धा तास एक माणूस तेथें बसवितों.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप बंद खोलींत कापूं नये; त्याच्या धुरानें अंगांत ताप भरतो. ओल्या जमिनीवर उभें राहून यंत्र चालवूं नये, व जोडणीस ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच बसवून घ्यावा. डिझेलचें रिकामें पिंप मात्र घरीं कापूंच नये. तें रिकामें दिसलें तरी आंत वाफ असते, आणि एक ठिणगी तिला पुरते.