हवेची बोट आणि वाऱ्याची दिशा

हवा भरायची बोट घेताना सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: फुटली तर? प्रश्न रास्त आहे, पण खरं भय दुसरीकडे आहे. बऱ्या बोटीत हवेचे निदान दोन स्वतंत्र कप्पे असतात. एक गेला तरी दुसरा माणसांना तरंगत ठेवतो. वाऱ्यावर मात्र असा उपाय नाही. ही बोट पाण्यात जेमतेम चार बोटं बुडते, बाकी सगळी वर. त्यामुळे वारा तिला वाळक्या पानासारखी ढकलत नेतो आणि आखूड प्लॅस्टिकच्या वल्ह्यांनी ती परत आणणं धट्ट्याकट्ट्या माणसालाही जड जातं.

म्हणून खरेदीपासूनच सावध राहावं. एकच कप्पा असलेली, कार्टूनची चित्रं छापलेली ‘बोट’ हे खेळणं आहे. ते गुडघाभर पाण्यापुरतं. खऱ्या बोटीवर किती माणसं, किती किलो आणि किती दाबाची हवा हे छापलेलं असतं. किलोच्या आकड्यात डबे, पाण्याचा कॅन आणि शीतपेटीही धरायची. माझ्या मते छापल्यापेक्षा एक माणूस कमीच न्यावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी बोट घरीच फुगवा. कप्प्यांवर क्रमांक असतील तर त्याच क्रमानं, नाहीतर प्रत्येकात थोडी थोडी करत भरा. एकच कप्पा ठासून भरला की मधल्या पडद्यावर ताण येतो. रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मऊ लागली तर जोडांवर आणि झडपांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती सापडली. आणखी एक गोष्ट: टणक भरलेली बोट एप्रिलच्या उन्हात वाळूवर ठेवू नका. आतली हवा तापून दाब वाढतो आणि जोड उकलतात. उलट पाण्यात घातल्यावर हवा गार पडून बोट सैलावते. तेव्हा दहा मिनिटांनी काठाला येऊन दाब पुन्हा तपासावा.

आता जागा. कोकणात पहाटे आणि सकाळी लवकर मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. अशा वेळी किनाऱ्यालगतचं पाणी आरशासारखं दिसतं आणि घरच्यांना वाटतं, हीच वेळ चांगली. हा शांतपणा फसवा असतो, कारण वारा पाठीमागून बाहेर ढकलत असतो. मूठभर कोरडी वाळू हवेत सोडून पाहा. ती समुद्राकडे उडाली तर बोट बाहेर काढायचीच नाही. दुपारचे खारे वारे निदान किनाऱ्याकडे आणतात, पण लाटा उठवतात. पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की आवरतं घ्यावं. खाडीत ओहोटी समुद्राकडे ओढते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती ओढ सगळ्यात जास्त. भरतीची अंदाजे वेळ काढायला तिथीला तीननं गुणून चारनं भागायचं हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तरी गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

पवना, मुळशी, पानशेतसारख्या धरणांत भिंत पूर्वेला आणि पाण्याचा फुगवटा पश्चिमेकडे. उन्हाळ्यात दुपारनंतर घाटातून येणारा पश्चिमेचा वारा पश्चिम काठावरच्या बोटीला पाण्याच्या मध्यावर नेतो. शिवाय तळाशी बुडालेल्या झाडांचे खुंट असतात, कडेला बाभळीचे काटे, आणि दोन पावलांवर एकदम खोल उतार. कित्येक धरणांत पाण्यात उतरायला मनाईच आहे. परवानगी आहे की नाही, ते आधी विचारा. पावसाळ्यात हा बेतच नको.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे दोर. तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा पंचवीस-तीस मीटर दोर बोटीला बांधून दुसरं टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हाती द्यावं. मुलांची हौस तेवढ्यात भागते.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येणाऱ्या काकांनाही, आणि काठावर असतानाच घालायचं. मुलांचं जॅकेट वयावर न घेता वजनावर घ्यावं. मानेमागे कॉलर आणि पायांमधून पट्टा असलेलंच. खांद्यांना धरून वर उचलून पाहा. ते कानांपर्यंत सरकलं तर ते मापाचं नाही. दंडात घालायचे फुगे लाइफ जॅकेटची जागा घेत नाहीत. साडी पायांत गुंडाळते, तेव्हा सलवार किंवा ट्रॅकपँट बरी. जोडवी, काचेच्या बांगड्या, गळ हे सगळं काठावर ठेवावं. कोकणात खडकांवरची कालवं बोटीचं बूड सुरीसारखी चिरतात. म्हणून वाळूवरूनच चढावं, एकेकानं, मध्यभागी बसत. बोटीत उभं राहू नये.

बोट उलटली तर तिलाच धरून राहायचं. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. मात्र रिकामी बोट किंवा चेंडू वाहून गेला तर त्याच्या मागे कुणीही पोहत जायचं नाही, जाऊ द्यायचं. शिट्टी जॅकेटला बांधा, फोन जलरोधक पिशवीत गळ्यात अडकवा. समुद्रावर तटरक्षक दलाचा 1554, इतरत्र 112. किती वाजता परतणार हे काठावरच्या कुणाला तरी सांगून ठेवा.

घरी आल्यावर बोट गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच घडी घाला. माळ्यावर टाकणार असाल तर झाकणाच्या डब्यात ठेवा. तिथे उंदरांनी कुरतडलेलं भोक पुढच्या सहलीपर्यंत दिसत नाही.