लेसरची ताकद कमी-जास्त करण्यापूर्वी

कपडा कापणे, चामड्यावर नक्षी उठवणे, लाकडावर नाव कोरणे अशा कामांत लेसर आता लहान कारखान्यांपर्यंत पोहोचला आहे. त्यामुळे हातात धरायचा लेसर उघडून त्याची ताकद कमी-जास्त करावी, किंवा तो सलग न चालवता पल्सने म्हणजे थांबून थांबून चालवावा, असे अनेक कारागीर बांधवांच्या मनात येते. विचार हुनरी माणसाचा आहे. पण आधी आत काय चालते ते समजून घेतले पाहिजे.

पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीपासून बनवला. तो पल्सनेच चालत असे. कपडा कापणाऱ्या मोठ्या मशीनमधला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली कुमार पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत शोधला. हे पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले.

हातातल्या लेसरमध्ये बहुधा डायोड असतो. ठराविक करंट मिळेपर्यंत त्यातून नुसता मंद उजेड येतो; ती मर्यादा ओलांडली की ताकद झपाट्याने वाढते. म्हणून पंख्याच्या रेग्युलेटरसारखे बटण लावून भागत नाही. बटणाचा संपर्क क्षणभर हलला तरी जादा करंटचा झटका डायोड कायमचा निकामी करतो. करंट स्थिर राखणारा ड्रायव्हरच हवा.

दुसरी रीत पल्सची. ज्या ड्रायव्हरला त्यासाठी वेगळी तार दिलेली असते, तो डायोडला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करू शकतो. ५ वॉटचा लेसर एकूण वेळेच्या २० टक्केच चालू ठेवला तर सरासरी ताकद १ वॉट पडते. दोन पल्समध्ये कपड्याला थंड होण्यास सवड मिळते. सुती कपड्याची कड काळी पडणे त्याने कमी होते. पॉलिस्टरची कड मात्र वितळून आपोआप बंद होते, म्हणून तिथे हिशेब वेगळा. पल्स आणि हात किंवा मशीन चालवण्याचा वेग, दोन्ही चिंधीवर आजमावून मगच थानाला हात घालावा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरासरी १ वॉट झाली तरी प्रत्येक पल्स ५ वॉटचीच असते. डोळ्याला धोका तेवढाच राहतो. ५०० मिलिवॅटच्या वरचा लेसर सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो. त्याचा कपड्यावरून विखुरलेला उजेडही डोळ्याला इजा करू शकतो. जरी आणि टिकल्या तर आरशासारखा किरण परत फेकतात.

हिरवा लेसर पेन तर उघडूच नये. त्यात आधी न दिसणारा इन्फ्रारेड किरण तयार होतो आणि स्फटिकांतून जाऊन त्याचा हिरवा होतो. उरलेला इन्फ्रारेड अडवायला आत फिल्टर लागतो. २०१० साली अमेरिकेच्या सरकारी मोजमाप संस्थेने स्वस्त हिरवे पेन तपासले, तेव्हा एका पेनातून सुमारे २० मिलिवॅट अदृश्य किरण बाहेर पडत होते. असा किरण दिसत नसल्याने पापणीही मिटत नाही. शिवाय स्फटिक तयार होण्यास वेळ घेतात, म्हणून झपाट्याच्या पल्सला हा पेन कामाचाही नाही.

तेव्हा काम करायचे असेल तर ताकद आणि पल्स बदलण्याची सोय असलेले तयार मॉड्यूलच घ्यावे. चष्मा त्याच लेसरच्या तरंगलांबीचा असावा. उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. धूर ओढणारा पंखा आणि जवळ पाणी असावे. पीव्हीसीच्या रेक्झिनवर लेसर कधीच चालवू नये, त्यातून आम्लाची विषारी वाफ निघते. फाटलेला कपडा रफू करता येतो, डोळ्याचा जळालेला पडदा नाही. चार पैसे वाचवण्यासाठी हा सौदा कोणीही करू नये.