मुद्रेची भाषा

माणूस बोलावयास शिकतो त्यापूर्वीच त्याचा चेहरा बोलू लागतो. तान्ह्या बाळापाशी शब्द नसतात. पण त्याच्या कपाळावरील आठी आईला पुरेशी होते. ही निःशब्द भाषा आपण सारेच वाचतो. ती नीट वाचतो काय, एवढाच प्रश्न आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. म्हणजे अंग ताठरणे, घाम फुटणे, काटा उभा राहणे, आवाज बदलणे, कापरे भरणे, चेहऱ्याचा रंग उडणे, डोळे पाणावणे व शुद्ध हरपणे. मनात आणताच हात उचलता येतो; अंगावर काटा मात्र आज्ञेने उभा राहत नाही. म्हणूनच हे भाव अंतःकरणाला अधिक जवळचे.

फ्रान्समधील वैद्य द्यूशेन यांनी १८६२ साली हास्याविषयी असेच निरीक्षण मांडले. ओठांची टोके वर ओढणारा स्नायू आपल्या इच्छेनुसार हलतो; पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा खऱ्या आनंदानेच आकुंचन पावतो. डार्विन यांनीही १८७२ मध्ये माणसाच्या व प्राण्यांच्या भावाविष्कारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

हे सारे वाचूनही मी एकदा चुकलो. गृहपाठ न आणलेल्या एका मुलाला मी रागावलो, तेव्हा तो खाली मान घालून हसत होता. तो उद्धटपणा समजून मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. मधल्या सुट्टीत जवळ गेलो, तो त्याची बोटे थरथरत होती. "कितें जालें रे?" असे मी घरच्या कोंकणीत विचारताच त्याचा बांध फुटला. आदल्या रात्री त्याच्या आईला इस्पितळात हलविले होते. ते हसू म्हणजे रडू आवरण्याची धडपड होती. मी त्याचे ओठ पाहिले. डोळे आणि हात पाहिलेच नाहीत.

तात्पर्य, मुद्रा भावना सांगते, कारण सांगत नाही. घाम भीतीने फुटतो, तसा उन्हानेही. खाली गेलेली नजर अपराधाची असेल किंवा आदराचीही. म्हणून एकाच खुणेवरून निवाडा करू नये. सारे अंग पाहावे, त्या माणसाची नेहमीची रीत आठवावी आणि शेवटी मायेने विचारावे. मित्रहो, शेजारच्या बाकावरील सोबती आज गप्प असेल, तर त्याला घुम्या म्हणण्यापूर्वी एवढे अवश्य करा.